बटण आणि संगणक यांच्यामध्ये काय बसवायचं?

प्रश्न : मी घरीच दोन खेळाडूंचं आर्केड कॅबिनेट बांधतो आहे. प्लायवूडचा सांगाडा तयार झालाय, आत जुना डेस्कटॉप संगणक बसवणार आहे. प्रत्येकाला एक जॉयस्टिक आणि सहा बटणं. मुख्यतः मॅम या एम्युलेटरवरचे (जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवरचे) जुने खेळ खेळायचे आहेत, पण माझ्या मुलीला नवे मारामारीचे खेळही हवेत. पुढेमागे ट्रॅकबॉल (हाताने फिरवायचा चेंडू) बसवायची इच्छा आहे. एकाने सांगितलं, जुना कीबोर्ड उघडून त्याचाच बोर्ड वापर. दुसरा म्हणतो, दोन ‘झीरो डिले’ बोर्ड घे. तिसरा म्हणतो, आय-पॅकशिवाय काही घेऊच नकोस. नक्की काय घ्यावं आणि का?

उत्तर : तिघांनीही आपापल्या अनुभवातून सांगितलं असणार, पण तिघांच्याही डोळ्यांसमोर तुमचं कॅबिनेट नव्हतं. म्हणून बोर्डांची नावं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी कागद-पेन्सिल घ्या. जॉयस्टिकच्या आत चार मायक्रोस्विच असतात, प्रत्येक दिशेला एक. त्यात सहा बटणं, एक स्टार्ट आणि एक कॉइन (नाणं टाकल्याची खूण देणारं बटण) मिळवलं की एका खेळाडूचे 12 इनपुट झाले, दोघांचे 24. खेळातून बाहेर पडायला, खेळ थांबवायला आणि मेन्यू उघडायला एकेक बटण धरा, 27 झाले. पिनबॉलची आवड असेल तर कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण लागतं, म्हणजे 29. हा आकडा हातात असल्याशिवाय कुठलाही बोर्ड पसंत करू नका. तुमच्या बाबतीत 32 इनपुटचा एकच बोर्ड पुरतो, आणि हे ‘एकच’ का महत्त्वाचं आहे ते पुढे सांगते.

आता एन्कोडर, म्हणजे बटणं आणि संगणक यांच्यामधला हा बोर्ड, करतो काय? आर्केडचं बटण म्हणजे साधा स्विच, दोन वायरी जोडणारा आणि तोडणारा. बोर्डावरच्या प्रत्येक इनपुटला आतून एका रेझिस्टरमधून 5 किंवा 3.3 व्होल्ट दिलेले असतात. तुम्ही बटण दाबता तेव्हा ते इनपुट ग्राउंडला टेकतं आणि व्होल्टेज शून्यावर येतं. बोर्डावरची चिप हे पाहते आणि यूएसबीवरून संगणकाला कळवते. कळवण्याच्या दोन भाषा आहेत : ‘मी कीबोर्ड आहे आणि झेड ही कळ दाबली गेली’, किंवा ‘मी गेमपॅड आहे आणि माझं तीन नंबरचं बटण दाबलं गेलं’. बोर्डाची निवड मुख्यतः या दोन भाषांपैकी कोणती तुमच्या कामाची, यावर अवलंबून आहे.

पण आधी त्या जुन्या कीबोर्डाबद्दल, कारण त्या वाटेने मी स्वतः गेले आहे. माझं पहिलं कॅबिनेट मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून बांधलं. अडगळीतला एक कीबोर्ड उघडला, आतला छोटा बोर्ड काढला, कोणत्या दोन टोकांना जोडलं की कोणतं अक्षर उमटतं याचा तक्ता दोन संध्याकाळी बसून कागदावर मांडला आणि बारीक वायरी सोल्डर केल्या. एकट्याने खेळताना सगळं सुरळीत. दोघं खेळायला बसलो की मात्र भाऊ डावीकडे धावत ठोसा मारत असला, की माझी उडी लागायचीच नाही. आम्ही माझ्या बटणाचा मायक्रोस्विच दोनदा बदलला. मल्टिमीटरवर स्विच ठणठणीत. शेवटी मजकूर लिहायचा साधा प्रोग्रॅम उघडून आम्ही दोघांनी तीच बटणं एकत्र दाबली, तेव्हा दिसलं की माझं अक्षर पडद्यावर येतच नाही.

कारण असं, की कीबोर्डात शंभरावर कळा असतात आणि तितक्या वायरी चिपपर्यंत नेत नाहीत. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते, कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेघ जुळते. एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या, की वीज आडवाटेने फिरून चौथ्या कोपऱ्यावरची न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. हा भास टाळायला बहुतेक साधे कीबोर्ड तिसरी कळ सरळ गाळून टाकतात. माझी उडी ती तिसरी कळ होती. प्रत्येक कळीला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला तर हे टळतं, पण साध्या कीबोर्डात तो नसतो, आणि तुम्ही बाहेरून बसवायचं म्हटलं तर एन्कोडर विकत घेण्यापेक्षा जास्त खटाटोप होतो. टायपिंग करणाऱ्याला याचा कधी त्रास होत नाही, कारण तो तिरपी दिशा धरून दोन बटणं दाबत नसतो आणि त्याच्या शेजारी दुसरा कुणी त्याच कीबोर्डावर खेळत नसतो. तेव्हा पहिला सल्ला सोडून द्या. एकट्यासाठी, चार दिशा आणि दोन बटणं असलेल्या कॅबिनेटला तो चालेल. तुमच्या नाही.

आर्केडसाठी बनवलेल्या एन्कोडरमध्ये प्रत्येक इनपुटला चिपचा स्वतंत्र पाय असतो, जाळी नसते, म्हणून ही अडचण मुळातच येत नाही. मात्र कीबोर्ड म्हणून बोलणारा बोर्ड घेताना आणखी एक गोष्ट तपासा. यूएसबी कीबोर्डाचा सर्वांत साधा संदेश 8 बाइटचा असतो. पहिल्या बाइटात कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट यांसारख्या आठ मदतनीस कळा, दुसरा बाइट राखीव, आणि उरलेल्या सहा बाइटांत सहा कळा. म्हणजे मदतनीस कळा सोडल्या तर एका वेळी फक्त सहा. दोन माणसं तिरप्या दिशेने पळत बटणं दाबू लागली की सहाची मर्यादा पटकन गाठली जाते. चांगले एन्कोडर आपली संदेशाची रचना वेगळी ठेवून ही मर्यादा ओलांडतात. बोर्डाच्या माहितीत एकाच वेळी सगळी इनपुट चालतात असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि घरी आल्यावर दोघांनी मिळून दहा बटणं एकदम दाबून खात्री करा.

कीबोर्डची भाषा मला जुन्या खेळांसाठी मनापासून आवडते. मॅम 1997 मध्ये आला तो कीबोर्ड गृहीत धरूनच, आणि त्याच्या ठरीव कळा आजही त्याच आहेत : पहिल्या खेळाडूला बाणांच्या कळा आणि डावं कंट्रोल, डावं ऑल्ट, स्पेस, डावं शिफ्ट, दुसऱ्याला आर, एफ, डी, जी या दिशा आणि ए, एस, क्यू, डब्ल्यू ही बटणं, कॉइनला 5 आणि 6, स्टार्टला 1 आणि 2. आय-पॅकसारखे बोर्ड याच कळा भरून येतात, त्यामुळे वायरी जोडल्या की मॅम लगेच चालतो. आणखी मोठा फायदा असा, की झेड ही कळ रोज झेडच राहते. संगणक कितीही वेळा बंद-चालू करा, पहिला खेळाडू पहिलाच राहणार. फक्त एक करा : विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबलं की स्टिकी कीजची खिडकी उघडते, आणि चौथं बटण शिफ्टवर असल्यामुळे ती ऐन लढाईत समोर येते. ती सोय सेटिंगमधून आधीच बंद करून टाका.

गेमपॅडची भाषा लागते ती नव्या खेळांना. तुमच्या मुलीला हवे असलेले मारामारीचे खेळ संगणकावर बहुतेक करून एक्सइनपुट (एक्सबॉक्सच्या) पद्धतीचा गेमपॅड शोधतात, आणि दुसऱ्या खेळाडूला कीबोर्डावर जागा द्यायला त्यांतले अनेक खेळ तयार नसतात. कन्सोलच्या एम्युलेटरांनाही गेमपॅडच सोयीचा. एक्सइनपुटमध्ये एका वेळी चारच गेमपॅड मावतात, दोघांना ते भरपूर झाले.

आता दुसरा सल्ला, दोन झीरो डिले बोर्ड. या बोर्डांचं मला कौतुक आहे. वायरी तयार येतात, सोल्डरिंग लागत नाही, एका खेळाडूच्या कॅबिनेटला याहून सोपी सुरुवात नाही. मात्र नावावर जाऊ नका. विलंब शून्य असणारा बोर्ड जगात नाही. विलंब किती, हे बोर्ड आतून किती चपळ आहे आणि संगणक त्याला सेकंदाला किती वेळा विचारतो यावर ठरतं. सेकंदाला 125 वेळा विचारणा होत असेल तर दोन विचारण्यांमध्ये 8 मिलिसेकंद जातात. 1000 वेळा होत असेल तर 1 मिलिसेकंद. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र साधारण 16.7 मिलिसेकंद टिकतं, त्याच्याशी ताडून पाहा. बोर्डाचे चार-पाच मिलिसेकंद वाचवण्यासाठी धडपडणारे लोक टीव्हीला गेम मोडवर टाकायचं विसरतात, आणि टीव्ही चित्र सजवण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ खातो. आधी ते बघा.

दोन एकसारखे बोर्ड लावले की खरी अडचण वेगळीच निघते. माझ्या भाच्यासाठी मी असंच कॅबिनेट केलं होतं. दोन्ही बोर्ड संगणकाला आपली ओळख तंतोतंत सारखीच सांगत होते. त्यामुळे कोणता पहिला आणि कोणता दुसरा हे संगणक चालू होताना ठरायचं, आणि कधीकधी उलटं ठरायचं. डावीकडे बसलेल्या मुलाच्या हातात उजवीकडचा खेळाडू. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही, पण सात वर्षांच्या मुलाचा अर्धा खेळ ‘हा मी नाही’ असं म्हणण्यातच जातो. तो चेहरा पाहिल्यापासून दोन खेळाडूंसाठी मी एकच बोर्ड सुचवते, ज्याच्यावर पहिला आणि दुसरा हे वायरीच्या जागेनेच ठरलेलं असतं.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर : 32 इनपुटचा, दोन्ही खेळाडूंना पुरणारा आणि दोन्ही भाषा बोलणारा एक बोर्ड. हल्लीचा आय-पॅक 2 असा आहे. तो कीबोर्ड म्हणूनही चालतो आणि दोन गेमपॅड म्हणूनही. तुमच्या तिसऱ्या मित्राचं म्हणणं इथे बरोबर ठरतं, नावामुळे नव्हे तर या गुणांमुळे. हेच गुण दुसऱ्या कुणाच्या बोर्डात सापडले तर तोही घ्या. आय-पॅकमध्ये पहिलं स्टार्ट बटण धरून ठेवलं की बाकीच्या बटणांना दुसरा अर्थ येतो. स्टार्ट एक धरून स्टार्ट दोन दाबलं की एस्केप जातं, म्हणजे खेळ बंद. वेगळी बटणं नको असतील तर ही सोय छान, पण लहान मुलं दोन्ही स्टार्ट एकदम दाबतात. घरात ती येणार असतील तर बाहेर पडायचं बटण वेगळं ठेवा, वरच्या फळीवर, त्यांचा हात पोहोचणार नाही असं.

ट्रॅकबॉल या बोर्डावर चालवायचा विचार आत्ता करू नका. ट्रॅकबॉल ही बटणांसारखी चीज नाही. चेंडू फिरला की आत दोन चाकं फिरतात, एक आडव्या हालचालीचं, एक उभ्या. प्रत्येक चाकापाशी दोन सेन्सर असतात आणि त्यांचे ठोके एकमेकांपासून पाव फेऱ्याने सरकलेले असतात. कोणता ठोका आधी आला यावरून दिशा कळते. हे ठोके इतक्या वेगाने येतात की बटणांसाठी बनवलेलं इनपुट, जे स्विच जुळतानाची थरथर गाळण्यासाठी काही मिलिसेकंद थांबतं, त्यांतले बरेच गिळून टाकील. यासाठी माउस म्हणून बोलणारं वेगळं सर्किट लागतं. ते स्वतंत्र यूएसबी बोर्डावर मिळतं, आणि बरेच ट्रॅकबॉल ते सोबत घेऊनच येतात. नंतर लावा, एक यूएसबी पोर्ट राखून ठेवा, आणि फळीवर जागा मात्र आत्ताच मोजून सोडा, कारण प्लाय एकदा कापलं की परत जोडता येत नाही. मॅममध्ये माउस मुळात बंद ठेवलेला असतो, तो सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. ट्रॅकबॉल लावूनही ‘मिसाइल कमांड’ हलत नाही अशी पत्रं मला येतात, त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर एवढंच असतं.

वायरिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन ओळी लिहिते. मायक्रोस्विचला तीन पाय असतील तर कॉमन आणि नॉर्मली ओपन (बटण दाबल्यावरच जुळणारा) हे दोन वापरा. ग्राउंडची एकच वायर सगळ्या स्विचच्या कॉमन पायांवरून माळेसारखी ओवत न्या आणि तिचं दुसरं टोकही बोर्डाच्या ग्राउंडला परत आणून जोडा. मग मध्ये एखादा लग (वायरीच्या टोकाची, स्विचच्या पायावर बसणारी पट्टी) निसटला तरी पुढची बटणं मरत नाहीत, वीज दुसऱ्या बाजूने पोहोचते. लग घेण्याआधी स्विचच्या पायाची रुंदी मोजा, 2.8 आणि 4.8 मिलिमीटर असे दोन माप सर्रास आढळतात आणि चुकीचं माप एकतर बसत नाही किंवा महिन्याभरात सैल होतं.

प्रश्न : माझ्याकडे दोन सारखे यूएसबी बोर्ड आधीच बसवलेले आहेत आणि खेळाडू एक-दोन अधूनमधून उलटे होतात. नवा बोर्ड न घेता काही करता येईल का?

उत्तर : येईल. वर लिहिलेली अडचण तीच तुमची. मॅमच्या कंट्रोलर फाइलमध्ये ‘मॅपडिव्हाइस’ नावाची ओळ लिहिता येते. तिच्यात अमुक उपकरण म्हणजे जॉयस्टिक एक, तमुक म्हणजे जॉयस्टिक दोन, असं कायमचं बांधून टाकता येतं. उपकरणाची ओळख म्हणून त्याचं पूर्ण नाव द्या, ज्यात ते कोणत्या पोर्टवर आहे याचाही अंश असतो, आणि मग त्या दोन वायरी त्या पोर्टांवरून कधीही हलवू नका. पोर्टांवर रंगाचा ठिपका लावून ठेवा. लिनक्सवर हेच काम यूडेव्हच्या (उपकरणं ओळखणाऱ्या यंत्रणेच्या) नियमांनी होतं. मात्र हे मॅमपुरतं झालं. दुसऱ्या एम्युलेटरमध्ये परत तेवढीच खटपट करावी लागेल.

प्रश्न : मला सोल्डरिंग येतं. रास्पबेरी पाय पिको हा छोटा चिप-बोर्ड वापरून स्वतःच एन्कोडर केला तर तो विकतच्या तोडीचा होईल का?

उत्तर : होईल, आणि जरूर करा. जीपी2040-सीई हे खुलं फर्मवेअर (बोर्डाच्या चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम) पिकोवर टाकलं की तो गेमपॅड होतो, सेकंदाला 1000 वेळा उत्तर देतो, आणि कोणतं बटण कोणत्या पिनवर हे ब्राउझरमधून ठरवता येतं. पिकोवर 26 पिन बाहेर काढलेल्या आहेत, एका खेळाडूला 12 लागतात. वेगळे रेझिस्टर लावायची गरज नाही, चिपच्या आत ते आहेत. प्रत्येक पिनमधून बटण आणि बटणातून ग्राउंड, एवढीच जोडणी. लक्षात ठेवायचं ते व्होल्टेज : पिकोच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत, 5 व्होल्टची वायर चुकूनही त्यांना लावू नका. दिव्याची बटणं वापरणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते, कारण त्याच बटणात दिव्याचे दोन पाय आणि स्विचचे दोन पाय शेजारीशेजारी असतात. आधी मल्टिमीटरने कोणते पाय स्विचचे ते शोधा, त्यांवर खूण करा, मगच वायर लावा. हे फर्मवेअर एका बोर्डावर एका खेळाडूसाठी आहे. दोघांसाठी दोन पिको लावलेत, तर आधीच्या प्रश्नातला उलटापालटीचा घोळ तुमच्याही वाट्याला येऊ शकतो.

काहीजण रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्याच पिनांवर थेट बटणं जोडतात, एन्कोडरशिवाय. तेही चालतं, पण 40 पिनांच्या पट्टीत कामाला मोकळे इनपुट साधारण 26 असतात आणि दोन खेळाडूंना 24 लागतात. मग त्या पट्टीवर दुसरं काही बसवायला जागाच उरत नाही.

प्रश्न : मला एक जुनं खरंखुरं आर्केड कॅबिनेट मिळालं आहे. आतला गेम बोर्ड गेलेला आहे, पण मॉनिटर आणि वायरिंग शाबूत आहे. सगळ्या वायरी काढून नवा एन्कोडर बसवावा का?

उत्तर : कृपा करून वायरी काढू नका. ते वायरिंग बहुधा जामा पद्धतीचं असेल. 1985 मध्ये ठरलेलं हे प्रमाण, 56 पिनांचं एकच कनेक्टर, ज्यातून बटणं, कॉइन, चित्र, आवाज आणि वीज सगळं जातं. त्यासाठी जे-पॅक नावाचा एन्कोडर आहे. तो त्याच कनेक्टरमध्ये बसतो, बटणं कीबोर्ड म्हणून संगणकाला देतो, आणि संगणकाचं चित्र मॉनिटरला पुरेशा ताकदीचं करून पाठवतो. जुने मॉनिटर बहुतेक 15 किलोहर्ट्झचे असतात (हा पडद्यावर आडव्या रेघा काढण्याचा वेग) आणि संगणक सुरू होताना 31 किलोहर्ट्झचं चित्र पाठवतो, जे त्यांना झेपत नाही. हा बोर्ड ते चित्र मॉनिटरपर्यंत जाऊ देत नाही. जामाच्या मूळ आराखड्यात खेळाडूला तीनच बटणं आहेत. सहा बटणांच्या खेळांसाठी उरलेली तीन वेगळ्या वायरींनी आणलेली असतील, ती पॅनेलखाली शोधा.

आणि एक विनंती. त्या मॉनिटरच्या काचेच्या नळीत, प्लग काढल्यानंतरही बराच काळ, जीवघेणं व्होल्टेज साठलेलं असू शकतं. नळीच्या पाठीमागे हात घालायचा असेल तर हे काम शिकलेल्या माणसाला बोलवा.

प्रश्न : सगळं जोडलं, पण जॉयस्टिक वर केली की खेळाडू खाली जातो. एन्कोडर खराब आहे का?

उत्तर : नाही. जॉयस्टिकचा दांडा मध्ये टेकलेला असतो, म्हणून वर ढकलला की त्याचं खालचं टोक उलट दिशेला जाऊन तिकडचा स्विच दाबतं. वर आणि खाली, तसंच डावी आणि उजवी, या वायरी आपसात बदला.